तात्यांच्या नावाने

ज्या वर्षी शहराच्या जुन्या भागातील नळांना मीटर बसले, त्या वर्षीच्या तिसऱ्या महिन्यात, गुरुवारी दुपारी साडेचार वाजता, लोखंडी पुलापासून सातव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या घरात या हकीकतीचा निकाल लागला. तिचा आरंभ त्यापूर्वी सात महिने, त्याच इमारतीच्या जिन्यात, एका गुडघ्यापासून झाला होता.

गुडघा तात्यांच्या पत्नीचा. तात्या पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षे आरेखक होते. रस्त्याच्या पोटातून कोणता नळ कोठून निघून कोठे जातो, याचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर नकाशे सुटले, मोजण्याची खोड सुटली नाही. इमारतीतले लोक त्यांना तोंडावर ‘तात्या’ आणि पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. पाठीमागचे नाव त्यांच्या कानावर आले होते, आणि खरे सांगायचे तर मनातून आवडलेही होते.

“रस्त्यापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत सेहेचाळीस पायऱ्या आहेत,” तात्या म्हणाले, “आणि तू तेविसाव्या पायरीवर बसतेस. म्हणजे बरोबर अर्ध्यावर.”

“तुमच्या कागदावर सेहेचाळीस,” पत्नी म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याला विचारा. शंभराच्या खाली बोलायला तयार नाही तो.”

तेव्हा लेकीने आपल्या घराजवळ तळमजल्यावरचे एक घर पाहून ठेवले आणि हे विकायचे ठरले.

आता या इमारतीत घर विकणे ही साधी गोष्ट नव्हती. आठ बिऱ्हाडे, सहा भाषा, देव मानण्याच्या पाच तऱ्हा, आणि एक बिऱ्हाड कोणालाच न मानणारे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तात्यांच्या समोरचे घर रिकामे झाले आणि एक घड्याळजी ते पाहायला आला. बोलणे तुटक, उच्चार परके, मूळ गाव कोणालाही नकाशात न सापडणारे. दोन बिऱ्हाडांनी नाके मुरडली. “माणूस वाईट नसेल हो, पण आपल्यातला नाही,” असे जिन्यात कुजबुजणे सुरू झाले. तात्यांनी ते ऐकले मात्र, तीन दिवस त्यांनी जिना अडवून धरला. प्रत्येकाला गाठून वाद घातला, मुद्द्यांना क्रमांक दिले, उपमुद्द्यांना अक्षरे दिली. शेवटी पहिल्या मजल्यावरचा बसचालक हात जोडून म्हणाला, “तात्या, कुठे सही करायची ते दाखवा आणि मला वर जाऊ द्या. गॅसवर दूध आहे!”

अशा रीतीने नियम झाला. घर विकणाऱ्याने, ज्याला ते पसंत पडेल व जो पहिला होकार देईल, त्यालाच द्यावे. त्याचा देव, भाषा वा मूळ गाव विचारू नये. खाली सात सह्या. घर घेतल्याच्या दिवशी घड्याळजीने आठवी केली. तो कागद चौकटीत बसवून तात्यांनी जिन्याच्या तोंडाशी, विजेच्या मीटरांच्या वर, स्वतः पातळी लावून टांगला. त्या दिवसापासून घड्याळजी त्यांना ‘दादा’ म्हणू लागला. रोज संध्याकाळी सहाला समोरचे दार उघडायचे, तात्यांचे उघडायचे, आणि दोघे दोन उंबरठ्यांवर खुर्च्या टाकून बोलत बसायचे. बहुतेक तात्या बोलायचे.

विक्रीच्या कामीही तात्यांनी खात्यातली शिस्त सोडली नाही. तिथे प्रत्येक नकाशासोबत दोषांची यादी जाई. नळ कोठे गळतो हे न लिहिता नकाशावर सही करणे म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. म्हणून त्यांनी घराचा आराखडा काढला आणि सोबत सतरा कलमी दोषपत्रक जोडले. ‘उत्तरेकडील भिंतीस ओल, दीड मीटर उंचीपर्यंत. न्हाणीघराचा उतार उलट्या दिशेस. पाणी लोटावे लागते. आतल्या खोलीचे दार दमट दिवसांत अडते, खांदा लावावा.’ त्यामागे शेजाऱ्यांचे पत्रक. ‘तळमजला: बेकरी. पहाटेपासून ऊब व वास, दोन्ही विनामूल्य. पहिला मजला: बसचालक, चार मुली, मोठ्याने हसतात. दुसरा मजला, समोर: घड्याळजी, विधुर, एकटा. सचोटीचा. किल्ली ठेवण्यास योग्य.’

ते वाचून घर विकून देणाऱ्या एजंटबाईंनी कपाळावर हात मारला. “तात्या, लोक घर विकताना भिंतींना रंग लावतात. तुम्ही तिला काळं फासताय.”

“आत आल्यावर कळायचं ते आधी कळलं, तर भांडण होत नाही,” तात्या म्हणाले.

“गिऱ्हाईकच होत नाही, म्हणा की!”

सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी पत्नीला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यावे लागे, आणि नेमके त्याच वेळी एजंटबाईंना माणसे आणायला सवड असे. किल्ली अर्थातच घड्याळजीकडे. दुकान अर्धा तास बंद करून तो घर दाखवी. एजंटबाई पायऱ्यांना कंटाळून खालीच थांबत.

पहिल्या सहा महिन्यांत एकोणीस जण घर पाहून गेले. तात्यांनी त्यांची वही ठेवली होती: वार, वेळ, हवामान, शेरा. वही वाचता वाचता त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ते स्वतः घरी असताना चौघे आले होते. त्यांपैकी दोघे दुसऱ्यांदा आले, मग एकाची बदली झाली आणि दुसरीला लिफ्ट हवी होती. उरलेले पंधरा दुपारी घड्याळजीच्या हाती घर पाहून गेले. त्यांतला एकही परत फिरकला नाही.

दुसरा कोणी असता तर त्याला जे पहिल्यांदा सुचले असते, ते तात्यांना सुचलेच नाही. त्यांनी संशय घेतला तो सूर्याचा. दुपारचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून शिरून ओलीच्या भिंतीवर तिरके पडते आणि डाग असतो त्याहून मोठा दिसतो, असा त्यांनी सिद्धांत मांडला. आलेखाच्या कागदावर सावलीचे कोन काढले. बायकोला दाखवले, घड्याळजीला दाखवले. घड्याळजीने आलेख उलटसुलट पाहिला. “तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच, दादा,” तो म्हणाला. जाड पडदा आणला. त्याची दांडी बसवायला स्टुलावर चढला तोही घड्याळजीच. तात्यांनी खालून स्टूल धरले होते.

पडद्यानंतरही आणखी तिघे घड्याळजीच्या हाती घर पाहून गेले, ते गेलेच. पत्नीने आता बाराव्याच पायरीवर बसायला सुरुवात केली होती.

एका शुक्रवारी दवाखान्यात नेहमीची नर्स रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या, चाळिशीच्या, दणकट हातांच्या नर्सने पत्नीचे कार्ड वाचले आणि तिचे हात थांबले.

“लोखंडी पुलाजवळ? दुसरा मजला, डावीकडे?”

“तुम्हाला कसं ठाऊक?” तात्यांनी विचारले.

“मागच्या बुधवारी पाहून गेले की. आईला घेऊन.”

“मग परत का नाही आलात? ओलीमुळे ना? ऊन पडतं त्या भिंतीवर, म्हणून...”

“ओल?” नर्स हसली. “काका, आमच्या आत्ताच्या घरात भिंतीला मासे लावले तर जगतील. ओलीचं काय घेऊन बसलात! घर फार आवडलं होतं आईला.”

“मग?”

तिने पत्नीचा पाय अलगद खाली ठेवला. “आता कशाला विचारताय? तुमचाच निरोप होता ना. समोरच्या भाऊंनी अगदी हळू सांगितलं. काका सभ्य आहेत, तोंडावर नाही म्हणणार नाहीत. पण तुमच्यासारख्यांना घर द्यायचं त्यांच्या मनात नाही. तुम्हीच समजून घ्या, म्हणाले. आम्ही समजून घेतलं. सवय आहे.”

तात्यांनी आयुष्यात प्रथमच एखाद्या विधानाला क्रमांक दिला नाही. “काहीतरी गोंधळ झालाय,” एवढेच ते म्हणाले. मग खिशातून पेन्सिल काढून एका चिठोऱ्यावर तिला लिहून दिले: ‘गुरुवार, साडेचार. मी स्वतः घरी असेन. घर पसंत पडल्यास तुमचे.’ खाली सही केली. “हा माझा शब्द. नियमच आहे तसा आमचा.”

रिक्षात पत्नी म्हणाल्या, “अहो, भाऊजी असं कसं बोलतील? तिची ऐकण्यात चूक झाली असेल.”

“तेच म्हणतोय मी,” तात्या म्हणाले. पण पत्नीला घरी पोचवून ते चहालाही थांबले नाहीत. तडक एजंटबाईंच्या कचेरीत गेले.

एजंटबाईंनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवले. “तात्या, माझी चेष्टा करताय? पहिल्याच आठवड्यात तुमचा निरोप आला, की अमुक भाषेचे नकोत. मग तमुक देवाचे नकोत. मग म्हणे बाहेरगावचे नकोत. तरी मी मिळेल ते गिऱ्हाईक आणत राहिले. घड्याळजी स्वतः यायचे सांगायला. मी म्हटलंसुद्धा, खाली चौकट काय टांगलीय आणि वर काय चाललंय! तर म्हणाले, ती चौकट जुनी झाली, दादांचं मन बदललंय, फक्त त्यांच्या तोंडावर काढू नका, लाजतात.”

“आणि तुमचा विश्वास बसला?”

“तुमच्या घराची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्यावर नको बसायला?”

तात्या चालत परतले. जिन्याच्या तोंडाशी बसचालक बूट काढत बसला होता. तात्यांनी त्यालाही विचारले. सत्य तीन ठिकाणी तपासावे, हा खात्याचा दंडक. बसचालकाने एक मोजा ओढून काढला.

“ऐकलं होतं, तात्या. बेकरीत बोलणं झालं होतं. सगळ्यांनाच ठाऊक आहे.”

“आणि मला येऊन कोणी विचारलं नाही? शिव्या द्यायला तरी?”

“वाटलं, थकलात. वयानं माणूस बदलतो. म्हटलं, तुम्हालाच तसं हवं असेल, तर आपण कशाला तोंड घाला?” मग तो जरा ओशाळून हसला. “आणि तुमच्याशी वाद घालायचा म्हणजे सुट्टी काढावी लागते हो.”

तात्यांच्या पायाखालची पायरी सरकल्यासारखी झाली. ज्याने गळा कापला तो एक. पण तीन दिवस जिना अडवून भांडलेला माणूस एका रात्रीत असा उलटेल, हे बाकीच्या सहाही घरांनी मान हलवून मान्य केले होते, आणि सात महिने त्यांना रोज नमस्कार केला होता.

घड्याळजीचे दुकान पुलाच्या अलीकडे, एका माणसापुरते. दुरुस्त झालेली घड्याळे एका भिंतीला, न झालेली दुसऱ्या. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालीत होता.

“एका नर्सला तू काय सांगितलंस?” तात्यांनी दारातूनच विचारले.

“कोणत्या नर्सला?” भिंग खाली आले नाही.

“कोणत्या म्हणजे? किती आल्या होत्या?”

चिमटा थांबला. घड्याळजीने भिंग काढून ठेवले. डोळ्याभोवती त्याचे लाल वर्तुळ उमटले होते. “बसा, दादा.”

“मी उभा बरा.”

“माझ्या गावचा एक माणूस आहे. जहाजावर होता, आता निवृत्त होतोय. दोन महिन्यांत येईल. तोवर घर राहावं, एवढंच मला हवं होतं. त्याला तुम्ही हो म्हणाला असतात, मला ठाऊक आहे. नियमच आहे तुमचा. फक्त त्याच्या आधी कोणी हो म्हणायला नको होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही खाली नेऊन चौकट वाचून दाखवली असती. पहिला होकार, म्हणाला असतात. बोटानं ओळ दाखवली असती.”

“ती ओळ तुझ्यासाठी लिहिली होती मी!”

“माहीत आहे,” घड्याळजी म्हणाला. “अठ्ठावीस वर्षांत ते विसरायची सोय तुम्ही कुठे ठेवलीत?”

रस्त्यावरून एक बस गेली आणि भिंतीवरची घड्याळे खुळखुळली. तो पुढे बोलू लागला तेव्हा त्याचे उच्चार पहिल्या दिवसाइतके परके झाले होते.

“मी तुमच्या भाषेत भाजी आणतो, दादा. तुमच्या भाषेत भांडतो. बायको गेली, तेव्हा रडलो तेही तुमच्या भाषेत, का, तर तुम्ही शेजारी बसला होता आणि तुम्हाला कळायला हवं. घरात बोलायला ती होती, ती गेली. म्हातारपणी समोरचं दार उघडावं आणि पहिला शब्द आपला कानावर यावा, एवढं मागितलं तर पाप झालं?”

“रोज सहा वाजता आपण बोलत होतो ते काय होतं?”

“तुम्ही बोलत होता. मी ऐकत होतो. चांगलं बोलता तुम्ही.”

तात्यांनी दाराची चौकट धरली. “मागितलं असतंस तर पाप नव्हतं. तू अठरा माणसांना दारातून परतवलंस, ते पाप. आणि तेही माझ्या तोंडानं परतवलंस. माझं नाव का घेतलंस? तुझं घ्यायचं होतंस.”

“माझं?” घड्याळजी हसला, पण त्यात हसू नव्हते. “मी ‘नको’ म्हटलं असतं, तर लोक म्हणाले असते, हा कोण टिकोजीराव? कालपर्यंत यालाच कोणी घेत नव्हतं. तुमच्या नावाला वजन आहे, दादा. मला तेच लागत होतं.”

“पडदा बसवायला स्टुलावर चढलास तू.”

“चढलो.”

“मी खाली धरून उभा होतो.”

घड्याळजीने भिंग पुन्हा उचलले. तात्या वळले, आणि वळता वळता म्हणाले, “गुरुवारी साडेचारला ती येतेय. तिच्यासमोर येऊन खरं सांगायचं. माझ्या दारात उभं राहून.”

“येतो,” घड्याळजी म्हणाला.

गुरुवारी नर्स आली. म्हातारी आई सेहेचाळीस पायऱ्या एकदाच थांबून चढली. तिला इथली भाषा येत नव्हती, पण घरात शिरताच तिने पश्चिमेचा जाड पडदा बाजूला सारला आणि खिडकीतला पूल पाहून लेकीला काहीतरी म्हणाली. नर्सने सतराही कलमे मोठ्याने वाचली, एकेक आईला समजावून सांगितले. अडणाऱ्या दाराचे कलम आले तशी म्हातारी उठली, दाराशी गेली आणि खांदा लावून तिने ते असे उघडले, की तात्यांच्या पत्नी टाळ्या वाजवून हसल्या. “अगं बाई, मला एकोणचाळीस वर्षांत जमलं नाही असं!” पाण्याचे तांबे रिकामे झाले. चहा झाला. म्हातारीने कपाट कोठे ठेवायचे ते हातवारे करून ठरवलेदेखील.

“काका,” नर्स म्हणाली, “मला वाटतं, आम्ही...”

“थांबा,” तात्या म्हणाले. “होकार द्यायच्या आधी एक गोष्ट कळायला हवी.”

पत्नीने त्यांचा हात धरला. “अहो, राहू द्या ना आता. ती हो म्हणतेय!”

“दोष लपवून मी कधी नकाशावर सही केली नाही,” तात्या म्हणाले, आणि समोरचे दार ठोठावले.

घड्याळजी बाहेर आला तो कोट घालून. दोन्ही उंबरठ्यांच्या मधल्या जागेत उभा राहिला, आणि नर्सकडे न पाहता, तिच्या आईच्या पायांकडे पाहत म्हणाला, “दादांनी तसं काही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं. मला हे घर माझ्या माणसासाठी ठेवायचं होतं. दादांना ठाऊकही नव्हतं.”

म्हातारीने लेकीकडे पाहिले. नर्सने तिला तिच्या भाषेत, एकही शब्द न गाळता, सांगितले. ते ऐकताना म्हातारीने खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“गोंधळ झालाय, असं म्हणाला होतात तुम्ही,” नर्स तात्यांना म्हणाली.

“तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता खरं काय ते तुमच्यासमोर आहे. घर तुमचं, नियमाप्रमाणे. याची तुम्हाला काही आडकाठी होणार नाही, त्याला मी जामीन.”

“तुम्ही इथे असणार आहात का?”

“नाही. आम्ही लेकीकडे.”

“मग जामीन कुणाचा?” तिने विचारले. आवाज चढलेला नव्हता. रुग्णाला डोस विचारावा तसा होता. “जिन्यातल्या बाकीच्यांना हे माहीत होतं?”

तात्यांना खोटे बोलता आले असते. पत्नीने त्यांच्याकडे तशा नजरेने पाहिलेही. “होतं,” ते म्हणाले. “सगळ्यांना. त्यांना वाटलं, तो माझाच निरोप आहे.”

“आणि कोणी काही बोललं नाही.”

“नाही.”

घड्याळजी अजून तिथेच उभा होता. आत जावे की थांबावे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. नर्सने आईच्या दंडाला हात देऊन तिला उठवले, सतरा कलमांचा कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि पर्स खांद्याला लावली.

“घर चांगलं आहे, काका, आणि तुम्ही खरं सांगितलंत. पण मी दिवसभर कामावर असणार, आई इथे एकटी, तिला तुमची भाषा येत नाही, आणि तिचं दार उघडलं की समोर हे. एवढ्या घरांनी ऐकलं आणि एकानंही विचारलं नाही. आम्ही हे घर घेणार नाही.”